ज्याच्या फुंकरीवर झिरो लावायचे

लोक मला विचारतात, "तुमचा भाऊ नेमकं काम तरी काय करायचा हो?" आणि मी सांगायला लागले की दुसऱ्याच वाक्याला त्यांची नजर घड्याळाकडे जाते. तुम्ही तसं करू नका. आमच्या धाकट्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत, आणि त्या जात असताना कुणालाच कसं कळलं नाही हे समजायचं असेल तर आधी त्याचं काम समजून घ्यावं लागेल. नाहीतर तुम्हीही इतरांसारखं म्हणाल, "नशीब." नशीब म्हटलं की माझं डोकं फिरतं. नशिबाने काही केलेलं नाही. केलं ते माणसांनी, तेही चांगल्या माणसांनी, आणि रोज सकाळी, मन लावून.

त्याला सगळे निळ्या म्हणतात. नखं निळी असतात म्हणून. साबणाने घासली, लिंबाने घासली, दगडाने घासायचीच काय ती राहिली, रंग जात नाही. मी कपडे शिवते आणि बदलून देते, पुढच्या खोलीत माझं मशीन असतं. त्याने पांढऱ्या कापडाला हात लावला की मी ओरडते, आणि तो मुद्दाम लावतो. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "घरात ओरडणारी एक पुरे आहे, ताई." मी लवकर विधवा झाले, त्याच्याकडे आले, आणि तेव्हापासून आम्ही दोघं आणि दोन खोल्या.

त्याचं काम म्हणजे काचेवर थर चढवणं. नखाएवढा काचेचा तुकडा, त्यावर सोन्याच्या बारीक रेघा, दोन कंगव्यांचे दात एकमेकांत अडकवावेत तशा. त्या रेघांवर एक थर आणि त्याच्यावर निळ्या भुकटीचा दुसरा थर. स्टीलच्या बंद पिंपात काच ठेवायची, पंपाने आतली हवा काढून टाकायची आणि खाली भुकटी तापवायची. भुकटीची वाफ होते आणि वर जाऊन काचेवर बसते. ही भुकटी सेंद्रिय असते असं त्याने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, सेंद्रिय तर भाजी असते. तो पोट धरून हसला. म्हणाला, "अगं, कार्बनच्या पदार्थाला सेंद्रिय म्हणतात. रंगाच्या डब्यात निळा रंग असतो ना, त्याच घराण्यातली ही भुकटी. रंग म्हणून भिंतीवर बसते आणि थर म्हणून काचेवर बसली की वीज वाहते."

खरी गंमत दोन थरांच्या सांध्यात असते म्हणे. खालच्या थरातून वीज जेमतेम जाते, वरच्यातून बरी जाते, आणि दोन्ही जिथे टेकतात तिथे विजेचे कण गोळा होऊन बसतात. अमोनिया वायू जरासा जरी तिथे पोचला, आपल्या नाकाला पत्ताही लागणार नाही एवढासा, तरी त्या कणांची बैठक मोडते आणि वीज कमी होते. मीटर ती घट मोजतं, आणि जितकी घट जास्त तितकी पडद्यावर रेघ वर चढते. हे सगळं तो मला जेवताना ताटातल्या ताटात दाखवायचा. मी म्हणायचे, "आधी जेव."

हे कशासाठी, तर किडन्यांसाठी. रक्तातली घाण किडनीने उपसली नाही की ती श्वासातून अमोनिया होऊन बाहेर यायला लागते. त्याच्या लॅबच्या मॅडमना असं यंत्र करायचं होतं की सुई नको, रक्त नको, माणसाने नळीत फुंकर मारली की किडनी दमली आहे का ते कळावं. लहानशा दवाखान्यातही परवडेल असं. मॅडम हुशार, मनाच्याही चांगल्या. मला त्यांच्यावर राग धरता येत नाही आणि हीच माझी मोठी अडचण आहे.

आता झिरोची गोष्ट. हे थर लहरी असतात. आज दमट हवा म्हणून रीडिंग सरकलं, उद्या थर जुना झाला म्हणून सरकलं. नव्या काचेचं तर वेगळंच, दोन काचा कधी सारख्या निघत नाहीत. म्हणून रोज सकाळी काम सुरू करण्याआधी यंत्राला सांगावं लागतं की बाबा, याला झिरो समज आणि याच्यापुढे मोज. सुरुवातीला सिलेंडरमधल्या शुद्ध हवेवर झिरो लावायचे. पण ती हवा कोरडी ठणठणीत आणि माणसाचा श्वास ओला. अमोनिया असो नसो, ओल लागली की रेघ उडी मारायची. तेव्हा मॅडमनी तोडगा काढला: एखाद्या निरोगी माणसाच्या फुंकरीवरच झिरो लावू. ओलीतून ओल वजा होईल आणि उरेल तो अमोनिया.

निरोगी माणूस कोण? आमचा निळ्या. विडी नाही, दारू नाही, कच्चा कांदा नाही, नाकासमोर चालणारा माणूस. सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप उघडणारा. त्या वेळी त्याची तपासणीही केली होती आणि सगळं ठणठणीत होतं. झालं, ठरलं. तेव्हापासून हा पठ्ठ्या सकाळी चहासुद्धा न घेता घरातून निघायचा. मी कप हातात घेऊन दाराशी उभी आणि हा चप्पल घालतोय. "झिरो लावल्यावर तिकडेच घेतो, ताई. चहाने श्वास बदलतो." मी म्हणायचे, "तुझ्या त्या यंत्राला चहाचं वावडं आहे, मला का शिक्षा?" पण त्याला त्याचा अभिमान होता. लॅबमध्ये एवढे शिकलेले लोक आणि सगळ्यांची मोजणी सुरू व्हायची ती याच्या फुंकरीपासून. ते ऐकून मलाही बरं वाटायचं, खोटं का बोलू.

अशी वर्षं गेली. एकदा तपासलं ते तपासलं. पुन्हा कोण तपासतो? घरातल्या खांबाला कुणी रोज विचारतं का, बाबा रे, तू पक्का आहेस ना?

मग त्याच्या तोंडाला वास यायला लागला. मी स्पष्ट सांगितलं, मला आडपडदा जमत नाही. तो म्हणाला, "लॅबमध्ये अमोनियाची बाटली असते ना, कपड्यांना लागतो वास." मी कपडे हुंगले. मला तर कपड्यांना काही वास आला नाही. पण त्याचं शिक्षण त्या वासातलं आणि माझं सुईदोऱ्यातलं, त्यामुळे वाद तिथेच संपला. पुढे जेवण कमी झालं. सगळं पत्र्यासारखं लागतं म्हणायचा. मी चिडले, माझ्या हाताला नावं ठेवतो म्हणून. पँट कमरेत दोनदा आवळून दिली आणि त्याच पँटची खालची मोहरी मात्र त्याला संध्याकाळी घट्ट व्हायची. कमरेत माणूस वाळतोय आणि घोट्यात फुगतोय, असं माप मी आजवर घेतलं नव्हतं. डॉक्टरकडे जा म्हणून कानीकपाळी ओरडले, पण पालथ्या घड्यावर पाणी. "हे यंत्र दवाखान्यात जाऊ दे, मग जातो." यंत्र, यंत्र, यंत्र.

त्याला खरं तर वेगळाच घोर लागला होता. लॅबमध्ये विचित्र व्हायला लागलं होतं. झिरो लावून झाला की बाकी कुणीही फुंकर मारली तरी रेघ झिरोच्या खाली जायची. मॅडमची खाली, शिपायाची खाली, पाणी भरायला येणाऱ्या बाईचीही खाली. आधी सगळ्यांना हसू आलं. निरोगी माणसापेक्षा निरोगी असतो तरी कसा माणूस? मग हसू ओसरलं आणि सगळे थराकडे बघायला लागले. थर म्हणजे निळ्या. मॅडम त्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्या म्हणायच्या, "भाऊ, सांध्यात काहीतरी गडबड आहे. दोन थर नीट बसत नाहीयेत." हा घरी येऊन जेवणाचं ताट पुढे घेऊन नुसता बसायचा. "माझा हात बिघडला, ताई. पूर्वीसारखा थर बसत नाही."

काय काय केलं त्याने. काचा दोनदा धुवायच्या त्या पाचदा धुतल्या. भुकटी नव्याने गाळली. पिंप आतून घासलं. एक थर चढवायला पूर्वी अर्धा दिवस लागायचा, तिथे आता पूर्ण दिवस लावायला लागला, कारण वाफ हळू चढली की थर एकसारखा बसतो म्हणे. पाय सुजलेले असताना स्टुलावर बसून पिंपाला असलेल्या काचेच्या खिडकीतून आत बघत राहायचा. आणि नवीन काच तयार झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तिच्यावर स्वतःच फुंकर मारून झिरो लावायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हे. फक्त इथे कळसा नव्हता, माझा भाऊ होता.

शेवटी यंत्र दवाखान्यात न्यायचा दिवस ठरला. किडनीचे पेशंट फुंकर मारणार होते आणि तुलनेला काही निरोगी माणसं हवी होती. मॅडमनी मला विचारलं. मी म्हटलं, येते, फुंकर मारायला काय पैसे पडतात. चांगली साडी नेसून गेले. लांबट खोली, खिडकीखाली टेबल, टेबलावर ते यंत्र. डब्याएवढं. एवढ्याशा डब्यासाठी माझ्या भावाचा चहा बंद होता हे बघून मला रागच आला.

निळ्याने झिरो लावला. मग मी फुंकर मारली. रेघ खाली. दोन नर्सनी मारली, खाली. मग एका म्हाताऱ्या पेशंटला आणलं, किडन्या पार निकामी झालेला माणूस. मॅडमनी हात एकमेकांत घट्ट धरले होते. म्हातारबाबांनी फुंकर मारली आणि रेघ झिरोवरून जेमतेम हलली. दुसरा पेशंट, तेच. मॅडमचा चेहरा उतरला. निळ्या तर भिंतीला टेकून उभा राहिला, आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं? माझाच हात."

तिथले डॉक्टर तुटक बोलणारे गृहस्थ. त्यांना त्या थरातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. ते म्हणाले, "यंत्र म्हणतंय माझे पेशंट झिरोसारखे आहेत. झिरो कोणाचा?"

"माझा," निळ्या म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "बसा. पँट वर करा." त्यांनी त्याच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा पडला होता. आम्ही सगळे त्या खळग्याकडे बघत होतो आणि तो भरून येत नव्हता. मॅडम पटकन खुर्चीवर बसल्या. मला कळलं नव्हतं, मी म्हणत होते, "अहो, उभं राहून राहून पाय सुजलेत त्याचे." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही, नर्सला म्हणाले, "यांचं रक्त घ्या."

पुढचं काय सांगू. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या दिसल्या. डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू झालंय, वर्षानुवर्षं. वेळेवर कळलं असतं तर गोळ्यांवर, पथ्यावर पुष्कळ काळ निघाला असता. आता डायलिसिस, नाहीतर किडनी बदलणं. बैल गेला आणि झोपा केला. ज्या माणसाच्या श्वासात आजार वाढत होता, त्याच्याच श्वासाला यंत्र रोज सकाळी म्हणत होतं, "हा झिरो." जेवढा त्याचा अमोनिया वाढला तेवढा झिरो वर सरकला. बाकीचं सगळं जग खाली गेलं.

मी म्हटलं, माझी किडनी घ्या. त्यात विचार करायचं काय आहे? आईने मला त्याच्यासाठीच आधी जन्माला घातलं होतं असं मी लहानपणापासून त्याला ऐकवत आले होते. रक्तगट जुळला. मी घरी येऊन त्याला म्हटलं, "आता माझीच किडनी तुझ्या पोटात ओरडणार, बस मग." तो हसला, बऱ्याच दिवसांनी. मग माझं ब्लडप्रेशर मोजलं. पुन्हा मोजलं. गोळ्या देऊन मोजलं, दोन्ही हातांना मोजलं, बोलू नका म्हणून गप्प बसवून मोजलं. डॉक्टर म्हणाले, नाही. तुमची एक काढली तर दुसरी धोक्यात येईल, मला घेता येणार नाही. मी भांडले. भांडले म्हणून प्रेशर आणखी वर गेलं. आयुष्यभर ज्याच्या त्याच्याशी तणतणत आले, कुणाचं काही वाकडं झालं नाही, आणि नेमकं एकदा शरीर कामाला यायचं होतं तेव्हा ते नाही म्हणालं. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून मी रडले. येणारे जाणारे बाजूने जात होते. जाऊ देत.

मॅडम घरी आल्या. माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या, शिवायच्या कपड्यांच्या ढिगाला टेकून. मी मनात काय काय तयार करून ठेवलं होतं त्यांना ऐकवायला. ते सगळं बाजूला राहिलं आणि मी फक्त विचारलं, "हे सुरू कधी झालं ते तरी सांगाल का?"

त्या म्हणाल्या, "नाही सांगता येत, ताई."

"तुमच्याकडे रोजचं मोजलेलं असेल ना?"

"आहे. पण थरही रोज जुना होत होता आणि त्यानेही रेघ सरकत होती. मध्ये किती काचा बदलल्या. त्यातलं थराचं किती आणि भाऊंचं किती, हे आता वेगळं काढता येत नाही. मी खूप प्रयत्न केला. रोज करते आहे." मग म्हणाल्या, "मी त्यांना इतक्या वर्षांत एकदा पुन्हा तपासायला सांगितलं असतं तर..."

त्या बाईने सगळ्यांच्या किडन्या वेळेवर कळाव्यात म्हणून केस पांढरे केले होते. ओरडायचं तरी कोणावर, यंत्रावर? मी चहा केला. त्यांनी तो घेतला नाही आणि मी दुसऱ्यांदा म्हटलंही नाही.

आतल्या खोलीतून निळ्या बाहेर आला. हाताला डायलिसिसच्या सुयांच्या जागी पट्टी बांधलेली. त्याने एकच विचारलं, "मॅडम, आता झिरो कोण लावतंय?"

"मी," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला रक्त तपासून."

"मग मला एकदा फुंकर मारू द्या."

मी म्हटलं, "अजिबात नाही." पुरे झालं होतं मला त्या डब्याचं. पण तो माझ्याकडे तसा बघायला लागला, जसा लहानपणी पतंगासाठी बघायचा. पुढच्या डायलिसिसच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी त्याला रिक्षात घालून लॅबमध्ये नेलं. जिना चढताना दोन ठिकाणी थांबलो. आत गेल्यावर त्याने आधी पिंपाला हात लावला, मग यंत्राचं झाकण उघडून काच बघितली. ती त्याचीच होती, दवाखान्यात नेलेली, त्याने चढवलेली शेवटची.

मॅडमनी फुंकर मारून झिरो लावला. मग नळी बदलली आणि त्याच्यापुढे धरली. त्याला दम पुरेना. मी पाठीवर हात ठेवला. त्याने फुंकर मारली.

रेघ चढायला लागली. सरळ, थरथर नाही की काही नाही, चढतच राहिली आणि पडद्याच्या वरच्या काठाला जाऊन दिसेनाशी झाली. मॅडमनी बटण दाबून पडद्यावरचं माप वाढवलं, तेव्हा तिचा माथा दिसला. मग त्या तोंडावर हात धरून खिडकीकडे गेल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पंपाचा आवाज येत होता.

निळ्याने त्या रेघेकडे बघितलं. कितीतरी दिवसांत मी त्याचा चेहरा असा उजळलेला बघितला नव्हता. त्याने माझा हात धरला.

"बघ ताई, थर चांगला बसलाय. माझा हात बिघडला नव्हता."

मी म्हटलं, "नाही रे बाळा, तुझा हात कशाला बिघडेल."